शिक्षेला कोर्टात किती वेळा आव्हान देता येतं? (सोलापूर जिल्हा, कोल्हापूर बेंच)

चाटीगल्ली | सोमवार रात्री ९.४०

समजा चेक बाउन्सची केस आहे. सोलापूरच्या जेएमएफसी (प्रथम वर्ग मॅजिस्ट्रेट) कोर्टानं एक वर्ष साधी कैद आणि भरपाई असा निकाल दिला. सत्र न्यायालयात अपील केलं, तेही फेटाळलं. आता कोर्टाच्या आवारात उभं राहिलं की तीन माणसं तीन सल्ले देतात. एक म्हणतो रिव्हिजन टाका, दुसरा म्हणतो ५२८ (हायकोर्टाच्या अंगभूत अधिकाराखालचा अर्ज) टाका, तिसरा म्हणतो दोन्ही टाका, एक तरी लागंल की ओ! एकाच शिक्षेला असं किती वेळा आव्हान देता येतं? आणि एक चुकलं की दुसरं, असं चालतं का?

काळाकोट_बाळीवेस | सोमवार रात्री १०.१५

तिसऱ्या सल्लागाराला चहा पाजा आणि घरी पाठवा.

मॅजिस्ट्रेटच्या शिक्षेविरुद्ध एकच अपील असतं, ते सत्र न्यायालयात (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, म्हणजे जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेला फौजदारी प्रक्रियेचा कायदा, कलम ४१५). मुदत ३० दिवस. फौजदारीत दुसरं अपील नाही. दिवाणीतल्या 'सेकंड अपील'ची सवय असलेले लोक इथंच फसतात. सत्र न्यायालयानं अपील फेटाळलं की पुढं हायकोर्टात रिव्हिजन, कलम ४३८ आणि ४४२ खाली, मुदत ९० दिवस. त्यानंतर राज्यघटनेच्या कलम १३६ खाली सुप्रीम कोर्टात एसएलपी (अपिलाची खास परवानगी मागणारी याचिका), तीही ९० दिवसांत. संपलं.

खटला मुळात सत्र न्यायालयातच चालला असेल, म्हणजे खून, बलात्कार, दरोडा वगैरे, तर पहिलं अपील थेट हायकोर्टात आणि मुदत ६० दिवस. कोणत्याही कोर्टानं सात वर्षांपेक्षा जास्त शिक्षा दिली असेल तरी अपील हायकोर्टातच.

अपिलात पुरावा नव्यानं तोलला जातो. साक्षीदार खोटा वाटतो, पंचनाम्यात गडबड आहे, चेकवरची सही नाकारली होती, हे सगळं तिथं मांडायचं. रिव्हिजनमध्ये हायकोर्ट फक्त बघतं की खालच्या कोर्टांनी कायदा चुकीचा लावला का, पुराव्याशी अजिबात न जुळणारा निष्कर्ष काढला का, अधिकाराबाहेर गेलं का. "साक्षीदारावर विश्वास ठेवायला नको होता" हा मुद्दा रिव्हिजनमध्ये सहसा चालत नाही. म्हणून सत्र न्यायालयातलं अपील उरकून टाकायचं आणि "खरी लढाई हायकोर्टात" म्हणायचं, हे धोरण आत्मघातकी आहे. पुराव्यावर लढायची शेवटची जागा सत्र न्यायालयच.

सातरस्ता | सोमवार रात्री १०.५२

पण त्याच न्यायाधीशांकडे फेरविचाराचा अर्ज का नाही करता येत? दिवाणीत रिव्ह्यू असतो की.

काळाकोट_बाळीवेस | सोमवार रात्री ११.०५

फौजदारीत नाही. जुन्या सीआरपीसीचं कलम ३६२, आताचं ४०३. निकालावर सही झाली की त्या कोर्टाला त्याला हात लावता येत नाही. अपवाद फक्त लिहिण्यातल्या किंवा आकड्यातल्या चुकीचा. आरोपीच्या नावात चूक, दंडाची बेरीज चुकली, एवढंच. "शिक्षा जास्त झाली, कमी करा" ही चूक त्यात बसत नाही. हायकोर्टालाही हेच लागू. हायकोर्टानं अपील फेटाळल्यावर त्याच हायकोर्टात ५२८ चा अर्ज टाकून निकाल फिरवून घेता येत नाही, हे सुप्रीम कोर्टानं १९९० मध्येही सांगितलं आणि २००१ मध्येही.

इथं दिवाणीवाले आणखी एका ठिकाणी अडकतात. एसएलपी कारण न देता एका ओळीत फेटाळली गेली की दिवाणीत हायकोर्टात रिव्ह्यूची वाट काही वेळा उरते. फौजदारीत ४०३ आडवं येतं.

हुतात्माचौक | मंगळवार सकाळी ८.२०

साहेब, एक बारीक फरक सांगतो. रिव्ह्यू वेगळा आणि रिकॉल वेगळा. नोटीसच न बजावता, बाजूच न ऐकता आदेश झाला असेल तर तो मागं घ्यायला सांगता येतं, कारण तिथं चूक निकालात नसून प्रक्रियेत असते. पण "आमचे वकील त्या दिवशी आले नव्हते" याला लोक रिकॉल समजतात. फौजदारी अपील केवळ वकील गैरहजर म्हणून फेटाळता येत नाही, हे १९९६ पासून पक्कं आहे. कोर्टानं कागदपत्रं बघून गुणदोषावर निर्णय द्यायचा असतो. तसा दिला असेल तर वकील नव्हता एवढ्यावर तो उघडत नाही, वरच्या कोर्टातच जावं लागतं.

चाटीगल्ली | मंगळवार सकाळी ९.१०

मग ५२८ चं काय? सगळे तेच नाव घेतात.

हुतात्माचौक | मंगळवार सकाळी ९.४५

५२८ म्हणजे जुनं ४८२, हायकोर्टाचा अंगभूत अधिकार. त्याआधी रिव्हिजनची दोन कुलुपं बघा, मग ५२८ ची किल्ली का शोधतात ते कळेल.

पहिलं कुलूप, ४३८(३): सत्र न्यायालयात किंवा हायकोर्टात, दोनांपैकी एकाच ठिकाणी रिव्हिजन. एका ठिकाणी टाकली की त्याच माणसाची दुसरी रिव्हिजन दुसऱ्या ठिकाणी ऐकली जात नाही. मॅजिस्ट्रेटचा आदेश असेल आणि सत्र न्यायालयात रिव्हिजन हरलात, तर ४४० प्रमाणे तुमच्यापुरता तो निर्णय अंतिम. वरच्या उदाहरणात हे आड येत नाही, कारण सत्र न्यायालयात अपील होतं, रिव्हिजन नव्हती. दोन्हींची गल्लत करू नका.

दुसरं कुलूप, ४४२(४): अपील करता येत होतं आणि केलं नाही, तर रिव्हिजन करता येत नाही. तीस दिवस झोपून राहायचं आणि नव्वद दिवसांच्या रिव्हिजनमधून घुसायचं, हा रस्ता बंद. गैरसमजातून रिव्हिजन टाकली असेल तर हायकोर्ट तिला अपील समजून घेऊ शकतं, पण ते कोर्टाच्या मर्जीवर.

आता ५२८. रिव्हिजनची बंदी असली तरी उघड अन्याय किंवा प्रक्रियेचा गैरवापर दिसला तर हायकोर्ट हा अधिकार वापरू शकतं. मात्र अपवाद म्हणून. बंद झालेल्या रिव्हिजनला नवं शीर्षक लावून आणली तर पहिल्याच तारखेला प्रश्न येतो, "ही दुसरी रिव्हिजनच आहे ना?"

काळाकोट_बाळीवेस | मंगळवार सकाळी १०.०५

दुसऱ्यांदा ५२८ टाकायला सरसकट बंदी नाही, हेही लिहा. परिस्थिती बदलली असेल तर दुसरा अर्ज चालतो, असं सुप्रीम कोर्टानं १९७५ मध्येच म्हटलंय.

हुतात्माचौक | मंगळवार सकाळी १०.३०

म्हटलंय, पण ऑक्टोबर २०२३ चा निकाल त्याच्यासोबत वाचा. पहिल्या अर्जाच्या वेळी जो मुद्दा हातात होता आणि मांडला नाही, तो घेऊन दुसरा अर्ज चालणार नाही. एकेक मुद्दा राखून ठेवायचा आणि हप्त्याहप्त्यानं कोर्टात जायचं, हे त्यांनी साफ नाकारलं. 'बदललेली परिस्थिती' म्हणजे खरोखर नंतर घडलेलं काहीतरी. वकील बदलला ही बदललेली परिस्थिती नव्हे.

आणि आधी काय काय टाकलं, त्याचा नंबर, तारीख, निकाल, हे अर्जात लिहावंच लागतं. "याच विषयावर यापूर्वी अर्ज केलेला नाही" हा परिच्छेद टायपिस्टच्या जुन्या फाइलमधून जसाच्या तसा चिकटवला जातो, आणि सरकारी वकिलानं जुना आदेश पुढं केला की तेवढ्यावर अर्ज जातो. कोर्ट खर्च लावतं तो वेगळाच.

नक्कलखिडकी | मंगळवार दुपारी १.१५

दिवस मोजण्याबद्दल कुणीच लिहिलं नाही, म्हणून लिहितो. अर्धी प्रकरणं इथं मरतात.

निकालाचा दिवस धरायचा नाही. नक्कल मिळायला लागलेला काळ वजा होतो, पण अर्ज केल्या दिवसापासून नक्कल *तयार* झाल्या दिवसापर्यंतच. सहीशिक्क्याच्या नक्कलेच्या मागं शिक्का असतो, त्यात अर्जाची तारीख, तयार झाल्याची तारीख आणि दिल्याची तारीख वेगवेगळी असते. लोक तिसरी तारीख धरतात. नक्कल तयार होऊन आठ दिवस खिडकीत पडून राहिली तर ते आठ दिवस तुमचे.

उदाहरण: निकाल ३ मार्च. नक्कलेचा अर्ज १० मार्च. तयार २४ मार्च. तीस दिवसांची मुदत साधी मोजली तर २ एप्रिल. नक्कलेचे १५ दिवस वाढवले की १७ एप्रिल. शेवटच्या दिवशी कोर्ट बंद असेल तर उघडेल त्या दिवशी.

कैदेची शिक्षा झाली की निकालाची एक प्रत आरोपीला लगेच आणि फुकट द्यायची असते, कलम ४०४. ती मागून घ्या. शिक्षा ऐकल्यावर धावपळीत ती कोर्टातच राहते आणि मग नक्कलेसाठी रांग.

मुदत गेली तरी लिमिटेशन कायद्याच्या कलम ५ खाली विलंब माफीचा अर्ज करता येतो. त्यात "आजारपणामुळे" एवढंच लिहू नका. कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, कागद कोणता, हे लिहा. माणूस तुरुंगात असेल तर कोर्टं विलंबाकडे बरीच मोकळ्या मनानं बघतात.

रेल्वेलाइन्स | मंगळवार दुपारी २.००

तुरुंगात असलेल्याचं अपील कसं जातं? घरचे वकील लावतात आणि आतूनही अर्ज जातो, मग दोन अपिलं होतात का?

विधीसेवा_मित्र | मंगळवार दुपारी ३.३५

होतात, आणि त्यातून घोळही होतो.

तुरुंगातला माणूस अपील तुरुंग अधीक्षकांकडे देऊ शकतो, कलम ४२४. ते पुढं पाठवतात. सोलापूरच्या कारागृहातून पुढं येरवड्याला किंवा कळंब्याला हलवलेल्या कैद्यालाही हा हक्क तसाच. धोका असा की तुरुंगातून गेलेलं अपील प्राथमिक सुनावणीतच फेटाळलं जातं आणि वकिलानं टाकलेलं अपील मागून येतं. तेव्हा अपिलातला निर्णय अंतिम, हा ४३४ चा नियम आडवा येतो. त्यावर कायद्यातच एक खिडकी ठेवलीय: त्याच माणसाचं रीतसर दाखल केलेलं दुसरं अपील कोर्टासमोर आलं नव्हतं असं दिसलं, तर न्यायाच्या हितासाठी कोर्ट ते ऐकू शकतं. कलम ४२५ मध्ये ही तरतूद आहे. पण खिडकीवर विसंबू नका. वकील लावला की तुरुंगातल्या अपिलाचा नंबर काढा आणि दोन्ही एकत्र ठेवायला सांगा.

कोठडीत असलेल्या कुणालाही उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती यांनाही तसंच. अर्ज सोलापूरला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करायचा. हायकोर्टातल्या कामासाठी तोच अर्ज पुढं जातो.

सातरस्ता | मंगळवार दुपारी ३.५०

हायकोर्ट म्हणजे आता मुंबई की कोल्हापूर?

विधीसेवा_मित्र | मंगळवार दुपारी ४.१०

कोल्हापूर. १८ ऑगस्ट २०२५ पासून सर्किट बेंच सुरू आहे. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे तिकडं. पंढरपूर, सांगोला, मिरजमार्गे सकाळी निघून संध्याकाळी परत येता येतं, मुंबईचा मुक्काम वाचला. जुना नंबर मुंबईचा असेल तर तो आता कुठल्या बोर्डावर (सुनावणीच्या यादीवर) लागतो हे ई-कोर्ट्सवर बघूनच निघा.

टॉवेलवाला | मंगळवार संध्याकाळी ७.२५

एमआयडीसीत नेहमीचं चित्र वेगळं असतं बघा. सुताच्या एकाच व्यवहाराचे सहा चेक, सहा केसेस, सहा शिक्षा. सहाही शिक्षा एकापाठोपाठ एक भोगायच्या का? आणि हे नंतर सुटं विचारता येतं का?

काळाकोट_बाळीवेस | मंगळवार रात्री ८.४०

चांगला प्रश्न, आणि "नंतर बघू"चा सगळ्यात महाग नमुना.

एकाच व्यवहारातले चेक असतील तर शिक्षा एकत्र भोगण्याचा आदेश मागता येतो, जुनं ४२७, आता ४६७. सुप्रीम कोर्टानं २०१३ मध्ये चेकच्याच प्रकरणात हे केलं. मात्र भरपाई किंवा दंड न भरल्याबद्दलची जी जादा कैद असते ती एकत्र होत नाही. तिथं पैसे भरणं किंवा जादा कैद भोगणं, दोनच पर्याय.

पण ही मागणी खटल्यात किंवा अपिलात करायची. दोन्हीकडे गप्प बसून, सगळं अंतिम झाल्यावर वेगळा अर्ज घेऊन हायकोर्टात गेलात तर २००७ चा निकाल समोर येतो, असा अर्ज चालत नाही. सहा अपिलं सहा तारखांना सहा ठिकाणी ठेवू नका. एकाच न्यायाधीशांसमोर आणून पहिल्याच दिवशी व्यवहार एक आहे हे दाखवा: ऑर्डर, बिलं, चेकचे क्रम.

खटला चालू असताना आत काढलेले दिवस वजा होणं (४६८) हा प्रकार निराळा. ते शिक्षेला आव्हान नव्हे, हिशेब आहे. तुरुंगाच्या हिशेबात दिवस कमी धरले असतील तर मूळ कोर्टात दाखला मागता येतो.

चेकच्या केसमध्ये आणखी एक. अपील कोर्ट दंड किंवा भरपाईच्या किमान २० टक्के रक्कम भरायला सांगू शकतं, निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याचं (चेकच्या कायद्याचं) कलम १४८, मुदत ६० दिवस, कारण दाखवलं तर आणखी ३०. ती अट मोडली तर शिक्षेची स्थगिती रद्द होऊ शकते. आणि तडजोडीचं दार अपिलात, रिव्हिजनमध्ये, अगदी सुप्रीम कोर्टातही उघडं असतं. सप्टेंबर २०२५ च्या निकालानं उशिराच्या तडजोडीचा खर्च कमी केला. सत्र न्यायालयात किंवा हायकोर्टात चेकच्या रकमेच्या साडेसात टक्के, सुप्रीम कोर्टात दहा. चौथ्या कोर्टात चौथा मुद्दा शोधण्यापेक्षा हे पुष्कळदा स्वस्त पडतं.

रेल्वेलाइन्स | मंगळवार रात्री ९.३०

फाशीच्या केसेस मात्र दहा-दहा वर्षं चालतात. तिथं नियम निराळे का?

हुतात्माचौक | मंगळवार रात्री १०.२०

पायऱ्या जास्त, पण प्रत्येक एकदाच. सत्र न्यायालयाची फाशी हायकोर्टानं कायम केल्याशिवाय अमलात येत नाही, अपील असो वा नसो. आरोपीच्या अपिलाची मुदत तिथं ३० दिवस. मग सुप्रीम कोर्ट.

सुप्रीम कोर्टाला स्वतःच्या निकालाचा रिव्ह्यू करता येतो, ४०३ ची आडकाठी तिथं नाही, कारण अधिकार घटनेतून येतो. मुदत ३० दिवस, एकदाच, आणि एरवी न्यायाधीश चेंबरमध्ये कागद वाचूनच निर्णय देतात. सप्टेंबर २०१४ पासून फाशीच्या रिव्ह्यूची सुनावणी खुल्या कोर्टात, निदान तीन न्यायाधीशांसमोर. त्यानंतर क्युरेटिव्ह (अगदी शेवटची, दुरुस्तीची) याचिका, २००२ च्या पाच न्यायाधीशांच्या निकालातून आलेली. ज्येष्ठ वकिलाचं प्रमाणपत्र लागतं. सगळ्यात ज्येष्ठ तीन न्यायाधीश आणि मूळ निकाल देणारे न्यायाधीश ती बघतात. बाजू ऐकलीच नाही किंवा न्यायाधीशांचा पक्षपात, असल्याच कारणांना तिथं जागा.

रिव्ह्यू म्हणजे नुसता उपचार, असंही नाही. महाराष्ट्रातल्या एका खटल्यात २००९ मध्ये सुप्रीम कोर्टानं सहा जणांना फाशी सुनावली होती, त्यातल्या तिघांची तर जन्मठेप वाढवून. तो निकाल मागं घेतला गेला आणि मार्च २०१९ मध्ये सहाही निर्दोष सुटले. नागपूरच्या एका प्रकरणात रिव्ह्यू आणि दया अर्ज दोन्ही फेटाळल्यावरही २५ ऑगस्ट २०२५ ला सुप्रीम कोर्टानं घटनेच्या कलम ३२ खाली शिक्षेचा भाग पुन्हा उघडला, कारण २०२२ मध्ये आखलेली शिक्षा ठरवण्याची पद्धत तिथं वापरली नव्हती. तेही बजावून की हा अपवाद आहे, नेहमीचा रस्ता नाही.

दिल्लीच्या २०१२ च्या प्रकरणात चौघांनी एकामागून एक अर्ज केले आणि फाशीची तारीख २२ जानेवारी २०२० वरून १ फेब्रुवारी, ३ मार्च आणि शेवटी २० मार्च झाली. नव्या संहितेच्या ४७२ ला ही पार्श्वभूमी आहे. आता राज्यपालांकडे दया अर्ज ३० दिवसांत, तो फेटाळला तर राष्ट्रपतींकडे ६० दिवसांत, आणि एकाच खटल्यातल्या सगळ्यांचे अर्ज ठरावीक मुदतीत जातील हे अधीक्षकांनी बघायचं. दयेच्या निर्णयाची कोर्टात चौकशी नाही, असंही त्यात लिहिलंय. पण कोर्टांना घटनेनं दिलेला अधिकार साध्या कायद्यानं काढून घेता येत नाही, त्यामुळे मर्यादित तपासणी राहील असं माझं मत.

नेटवाचक_जुळेसोलापूर | मंगळवार रात्री ११.००

अमेरिकेत तर शिक्षा झालेले आयुष्यभर अर्ज करत बसतात म्हणे.

हुतात्माचौक | मंगळवार रात्री ११.२५

उलट, तिथं १९९६ च्या कायद्यानं फास आवळलाय. अपील संपल्यावर फेडरल (केंद्रीय) कोर्टात जायला साधारण एक वर्ष. दुसरा अर्ज करायचा तर आधी अपील कोर्टाच्या तीन न्यायाधीशांची परवानगी. फेडरल कैद्याला ती दोनच कारणांवर मिळते: निर्दोष ठरवू शकेल इतका भक्कम नवा पुरावा, किंवा सुप्रीम कोर्टानं मागच्या प्रकरणांनाही लागू केलेला घटनेचा नवा नियम. नुसत्या कायद्याचा अर्थ नंतर आरोपीच्या बाजूनं लागला, तरी त्यावर दुसरा अर्ज नाही, असं जून २०२३ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टानं सांगितलं. पुढं जाऊ नका, हा धागा सोलापूरचा आहे.

रेल्वेलाइन्स | बुधवार सकाळी ८.०५

कधीच बंद न होणारा मुद्दा कुठला आहे का?

विधीसेवा_मित्र | बुधवार सकाळी ८.५०

वय. गुन्ह्याच्या दिवशी आरोपी अठरा वर्षांखाली होता हा दावा कुठल्याही कोर्टात, कुठल्याही टप्प्यावर, अंतिम निकालानंतरही करता येतो. बाल न्याय कायदा, कलम ९(२). पुण्याच्या १९९४ च्या हत्याकांडातल्या एकाची फाशी सुप्रीम कोर्टापर्यंत कायम झाली होती. मार्च २०२३ मध्ये शाळेच्या नोंदीवरून तो तेव्हा साडेबारा वर्षांचा होता हे मान्य झालं आणि अठ्ठावीस वर्षांनी सुटका झाली. पहिला कागद शाळेचा दाखला किंवा बोर्डाचं प्रमाणपत्र, ते नसेल तर ग्रामपंचायत किंवा महापालिकेचा जन्मदाखला, तेही नसेल तरच वैद्यकीय चाचणी. ऊसतोडीवर किंवा विटभट्टीवर फिरणाऱ्या घरांत पहिली शाळा कुठली, हे शोधण्यातच महिने जातात.

आणि अपील चालू असताना शिक्षा स्थगितीचा अर्ज (४३०). तो एकदा फेटाळला तरी बराच काळ गेला, अपील बोर्डावर येत नाही, अशा कारणानं पुन्हा करता येतो. तो शिक्षेला आव्हान नसतो.

चाटीगल्ली | बुधवार सकाळी ९.३०

म्हणजे वरच्या उदाहरणात रिव्हिजन, कोल्हापूरला, ९० दिवसांत. तोवर निवांत बसायला हरकत नाही ना?

काळाकोट_बाळीवेस | बुधवार सकाळी ९.४८

हरकत आहे! नव्वद दिवस ही दाखल करायची मुदत आहे, अटकेपासून संरक्षण नव्हे. सत्र न्यायालयानं अपील फेटाळलं की स्थगिती संपली. हजर होण्यासाठी आदेशात जेवढे दिवस दिले असतील तेवढेच, नंतर मॅजिस्ट्रेटकडून वॉरंट निघतं आणि पोलीस घरी येतात. त्याच दिवशी सत्र न्यायालयात हजर होण्याची मुदत वाढवून मागा, दोन्ही निकालांच्या नक्कलेचे अर्ज टाका, आणि रिव्हिजनसोबत ४३८ खालीच शिक्षा स्थगिती आणि जामिनाचा अर्ज जोडा. सोबत घ्यायचे कागद: दोन्ही निकाल, अपील मेमो, साक्षींच्या प्रती, चेक आणि बँकेचा मेमो, नोटीस आणि पोचपावती, २० टक्के भरल्याची पावती. ती पावती हरवली असेल तर आजच नाझर विभागात (कोर्टात पैसे भरून घेतात तिथं) जा, कोल्हापूरला पहिला प्रश्न तिचाच असतो.